मागच्या बोळाची वाटणी

चामराजपेटेत आमच्या घरामागे एक बोळ होता. तो बोळ मी गिळला, असं आमच्या रस्त्यावर अजून म्हणतात. चौदा घरांनी वाटून घेतलेली जागा एकट्याच्या नावावर कशी लागते, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. पूर्वी मी विचारत असे. विचारताना माझा आवाज चढे, आणि आवाज चढला की समोरच्याला उत्तर द्यायची गरजच उरत नसे. आता विचारत नाही. दमलो.

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. कँटोन्मेंटकडचे जुने बंगले त्या वर्षांत एकेक करून पडत होते. पाडणाऱ्याच्या आधी मी तिथे पोचायचो, सागवानी चौकटी, जाळ्या, काचेची तावदानं उचलायचो आणि मार्केटाजवळच्या माझ्या जागेत उभी करून विकायचो. गिऱ्हाईक कशावर नजर ठेवून आलंय ते मला त्याच्या पावलांवरून कळे. ज्याला खिडकी हवी असे तो आधी दारं बघत हिंडायचा. मीही त्याला दारंच दाखवायचो, तोच कंटाळून खिडकीचं नाव काढेपर्यंत. ज्याने आधी हवं ते बोलून दाखवलं, त्याचं पुढे काही चालत नसे.

हे मला कोणी शिकवलं नाही. किल्ल्याजवळच्या एका गल्लीत, खिडकीच नसलेल्या खोलीत मी वाढलो. आमची माणसं पिढ्यानपिढ्या याच गावात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पण जुनं घराणं म्हणून आम्हाला कोणी उजेड जास्त दिला नाही. म्हणून चामराजपेटेतलं घर घेतलं तेव्हा मी बायकोला आधी स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, "ही बघ खिडकी. मागे कोणाचं घर चिकटलेलं नाही. बोळ आहे."

ती म्हणाली, "बोळाचा वास येतोय."

येतच होता. बोळ त्यासाठीच ठेवलेला. दोन ओळींच्या घरांच्या पाठी त्यात उघडायच्या, प्रत्येक पाठीला संडासाची लहान लोखंडी झडप. रोज सकाळी एक बाई बादली आणि खराटा घेऊन यायची आणि झडपा उघडून सगळ्यांची घाण घेऊन जायची. तिला आम्ही पाणी दिलं तर वरून ओतायचो. तिची पाठ दुखते का, ती राहते तिथे बोळ आहे का, हे कोणी विचारलं नाही. मी भाव सोडून कोणाला काही विचारतच नसे.

मग आमच्या भागात जमिनीखालची गटारं आली. घरोघर पाण्याचे संडास झाले, झडपा विटांनी बुजल्या. ती बाई यायची थांबली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. दोन पावसाळ्यांत बोळ धुऊन निघाला.

त्यानंतर बोळात काय सुरू झालं ते मी पाहिलं नाही, आणि सगळं तिथेच चुकलं. मी सकाळी आठला निघायचो तेव्हा बोळ रिकामा असायचा. रात्री यायचो तेव्हाही रिकामा. रविवारी दुकान जास्तच चालायचं. ओळीतले बाकीचे पुरुषही असेच, कोणी गिरणीत, कोणी तेलाच्या दुकानात. दुपारचा बोळ आमच्यापैकी एकानेही पाहिलेला नव्हता. दुपारी दोन वाजता चौदा घरांची मागची दारं उघडायची आणि बायका बाहेर यायच्या, हे मला फार पुढे कळलं. एका भिंतीची सावली मिळायची, दुसरीवर ऊन. उन्हात उडदाचे हप्पळ, म्हणजे पापड, आणि सांडगे, सावलीत बायका. तांदूळ निवडायचे, वेण्या घालायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. माझी बायको आणि शेजारच्या अक्का तर बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायच्या. समोरच्या रस्त्यावर तसं चालता येत नव्हतं. तिथे बस, सायकली, कट्ट्यांवर बसलेले पुरुष. घरातली बाई समोर फिरायला लागली की 'कुठे निघालात?' म्हणून चार जण विचारायचे. मागे कोणी विचारत नसे.

मला दिसली ती नुसती रिकामी जागा. जुन्या खिडक्या ठेवायला मला कोठार हवंच होतं. मी घरोघर गेलो. गेलो तेव्हा बोळाचं नाव काढलं नाही. गटारांचं बोललो, चोरांचं बोललो, मागच्या दारांना भक्कम कड्या नाहीत त्याचं बोललो. चार घरं झाली आणि पाचव्या घरच्यानेच मला सुचवलं, "अण्णा, हा बोळ आता कोणाच्या उपयोगाचा? अर्धा अर्धा वाटून का घेत नाही आपण?"

मी म्हटलं, "बघू या."

पालिकेच्या कचेरीत अर्ज दिला. उत्तर आलं नाही. उत्तर नाही याचा अर्थ हरकत नाही, असं मी बारा घरांना पटवलं. माझी धरून तेरा सह्या झाल्या. शेवटची सही राहिली ती आमच्या पाठीला पाठ असलेल्या घराची. तिथे एक निवृत्त शिक्षक राहायचे. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणायचे. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"हे बरोबर आहे का, अण्णा?"

"तेरा जणांनी सही केलीय, मेष्ट्रे."

"तेरा जणांचं नाही विचारत. तुम्हाला विचारतोय."

"बरोबर आहे."

"सरी, ठीक आहे. तुम्ही म्हणता म्हणून करतो." आणि त्यांनी सही केली. आठवड्याच्या आत त्यांच्या वाट्यावर गवंडी लागले. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच त्यांनीच बांधलं. पण पुढे गावभर राहिलं ते त्यांचं वाक्य. मी म्हटलं म्हणून. हे मी त्यांना कधी माफ केलेलं नाही.

घरी बायकोने एकदाच विचारलं, "मग दुपारचं आम्ही कुठे जायचं?"

"घरात बसायचं. एवढं घर कशाला घेतलंय?"

ती पुढे बोलली नाही. मी त्याला होकार समजलो. धंद्यात तसंच समजतात.

आमचं घर ओळीच्या टोकाचं. आमच्या बाजूच्या बहुतेकांनी आपापल्या वाट्याला नुसत्या भिंती घातल्या आणि आत जळण टाकलं. मी मात्र पुरतं छप्पर घालून कोठार केलं. त्यासाठी स्वयंपाकघराची खिडकी काढावी लागली. चांगली सागवानी खिडकी होती. मी ती त्याच आठवड्यात विकली, आणि चांगली विकली, आणि त्या रात्री जेवताना बायकोला ते सांगितलं. तिने आमटी वाढली.

स्वयंपाकघरात तेव्हा भुशाची शेगडी असे. पत्र्याच्या डब्यात लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मधून भोक ठेवायचं आणि खालून पेटवायचं. भुसा मला लाकडाच्या वखारीतून फुकट मिळायचा, त्यामुळे स्टोव्ह आणायचा प्रश्नच नव्हता. खिडकी होती तोवर धूर बोळात जायचा. आता तो छताला लागून परत खाली यायचा. आधी मुलींचे डोळे चुरचुरले. दोघी शाळेतून आल्या की पुढच्या खोलीतच बसू लागल्या. बायकोला खोकला लागला. खोकल्याचं मला फार वाटलं नाही. पण ती जेवेना. पाय सुजायला लागले. दुपारी पडून राहायची आणि रात्री टक्क जागी. अक्का कधी समोरून यायच्या, पण समोरून यायचं म्हणजे चांगलं लुगडं नेसून, पाहुण्यासारखं. पाहुणी किती वेळा येणार? आणि आल्यावर बोलणार काय? बोळात काही बोलायचं ठरवून कोणी जात नसे.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. एकदा शेगडीपाशीच तिला घेरी आली, तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं. कोपऱ्यावरचा म्हातारा डॉक्टर, सावकाश बोलणारा. त्याने छाती तपासली, नखं बघितली.

"किती दिवसांत बरी होईल?" मी विचारलं.

"आधी बघू तर द्या."

"कमीत कमी किती?"

"ही काय खिडकी आहे का हो, भाव करायला?" मग तो तिच्याकडे वळला. "दिवसातून घराबाहेर कधी पडता, ताई?"

"शनिवारी. देवळात."

"आणि आधी?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आधी रोज. मागच्या बोळात."

"मग आता काय झालं?"

उत्तर मीच दिलं. किती रागावून दिलं ते आठवत नाही, पण बाहेर बसलेले दोन पेशंट उठून दारात आले. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "औषध देतो. पण धूर कुठे जाणार ते माझ्या बाटलीत नाही. आणि ही बाई चालली नाही, चार माणसांत बसली नाही, तर पुढच्या वर्षी तुम्ही मला जास्त मोठ्याने ओरडाल."

मी घरी आलो तो थेट मेष्ट्रुंकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी दारातच हवं ते बोलून टाकलं. "भिंत काढा. मीही काढतो. बोळ परत करू."

मेष्ट्रु हसले नाहीत, हे खरं सांगायला हवं. त्यांनी मला आत नेलं. माझ्या कोठाराच्या भिंतीला टेकून त्यांची खोली होती, आणि खोलीत त्यांची सून तान्ह्याला घेऊन निजली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "याला कुठे निजवू, अण्णा? तुम्ही सांगाल तिथे निजवतो."

"तुम्ही सही कशाला केलीत?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

बाळ माझ्या आवाजाने उठलं. मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी माझं कोठार पाडलं. छप्पर, भिंत, सगळं. खिडकीच्या जागी खिडकी बसवली. तीच परत मिळाली नाही, पण तेवढीच. शेगडी काढून पंपाचा स्टोव्ह आणला. धूर गेला. सहा फुटांचं अंगण झालं, समोर मेष्ट्रुंची उंच भिंत. बायको दारात उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं." मग आत जाऊन पडली.

खोकला कमी झाला. बाकी काही नाही. सहा फुटांत कोण चालणार?

मग माझ्या लक्षात आलं की आमच्या बाजूचा अर्धा बोळ अजून आहेच. मधल्या आडव्या भिंतींनी त्याचे तुकडे झालेत, आणि तुकड्यांत जळण पडलंय. भिंती राहू देत. भिंतीला दार लावलं की झालं. आणि दारं तर माझ्याकडे रांगेने उभी होती.

पहिलं दार अक्कांच्या आणि आमच्यामध्ये. अक्कांचे यजमान कापडगिरणीत टाइमकीपर होते. ते काही म्हणायच्या आधी अक्का म्हणाल्या, "घालू द्या. दीड वर्ष मी भिंतीशी बोलतेय." दाराला दोन्ही बाजूंनी कडी ठेवली, ज्याला नको असेल त्याने लावावी म्हणून.

अक्कांच्या पलीकडे तेलाचा दुकानदार. त्याच्याकडे मी गेलो आणि सांगितलं, माझ्याकडून दार, माझाच सुतार, तुम्हाला काही पडणार नाही.

त्याने तेलाचं माप खाली ठेवलं. "फुकट?"

"फुकट."

"सागवानी?"

"सागवानी."

"नको."

"का नको?"

"अण्णा, बारा वर्षं ओळखतो तुम्हाला. तुम्ही दुकानातले खिळेसुद्धा मोजून विकता. फुकट दार देताय म्हणजे सहा महिन्यांनी माझं अंगण तुमचं निघेल."

मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बघा, रागावलात. म्हणजे काहीतरी आहेच."

तो आठवडा मी दुकानात उशिरा जात होतो, आणि आमच्या बाजूची कडी काढून बायको पलीकडे जाताना बघत होतो. ती अक्कांच्या अंगणाच्या टोकाला जायची, भिंतीला हात लावायची आणि परत यायची. पंधरा पावलं. जेलमध्ये असल्यासारखी.

पुढच्या सोमवारी मी परत तेलवाल्याकडे गेलो. आधी तेलाचा भाव विचारला. मग शेंगदाण्याच्या तेलाला वास येतो म्हणून नाक मुरडलं. मग निघालो. पायरीवर थांबून म्हटलं, "ते दार दुसऱ्याने मागितलंय. तुमच्या भिंतीच्या मापाचं होतं म्हणून आधी विचारलं. फुकट नाही हं, ते मी चुकून बोललो. बायको आजारी आहे, डोकं ठिकाणावर नसतं." आणि एक आकडा सांगितला.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. आता त्याला माझं पुरतं कळत होतं.

"एवढ्याला? त्याला वाळवी असेल."

"वाळवी तुमच्या तेलाच्या पिंपात असेल."

"स्वल्प कमी करा."

आम्ही तासभर भांडलो. मी दोनदा उठलो, त्याने दोनदा हात धरून बसवलं. शेवटी मी असा भाव घेतला की त्यात बिजागऱ्यादेखील निघाल्या नसत्या. ओळखीत कोणी मला एवढं खाली आणलं नव्हतं. त्याने दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आणतोच मी माणसाला खाली."

दुसऱ्या दिवसापासून तो रस्त्याच्या कट्ट्यावर बसून तेच सांगत होता. या माणसाकडून सागवानी दार पाण्याच्या भावात काढलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या पलीकडचा घरमालक माझ्या दुकानात आला. आधी त्याने खिडक्या बघितल्या. मी खिडक्या दाखवल्या. मग म्हणाला, "माझ्याही मागच्या भिंतीला एक दार बसेल म्हणतो. तेलवाल्याला दिलंत त्याच भावात." मी कपाळाला आठ्या घातल्या, मुश्किलीने कबूल झालो. त्यानंतर आणखी दोघं आले, आपल्याच पायांनी. सगळ्यांनी मला लुटलं, आणि सगळे त्या आनंदात घरी गेले.

सहा घरं झाली. सातवं कोपऱ्याचं, तिथे छापखाना होता आणि मागचा वाटा यंत्रांनी भरलेला. तो बधला नाही.

बायकोने एका रात्री विचारलं, "कितीला दिलीत दारं?"

मी सांगितलं, तिप्पट वाढवून.

"तेलवाल्यांची बायको दुसराच आकडा सांगते."

"ती खोटं बोलते."

"असेल," ती म्हणाली. आणि त्या दिवशी तिने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

लोकांच्या लक्षात राहिलं ते दोनच. मी बोळ गिळला, आणि तेलवाल्याने मला गंडवलं. दारं कोणी लावली हे कोणी म्हणत नाही. मी सांगायला गेलो तर दारं काढून टाकतील, एवढं मला माझ्या शेजाऱ्यांचं कळतं. मेष्ट्रु मेले तेव्हा त्यांच्याबद्दल सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. सांगू देत.

पुढे एकदा मला ताप भरला आणि मी दुपारीच घरी आलो. घर उघडं, कोणी नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकून बाजूला पाहिलं. सहाही अंगणांची दारं उघडी होती, एकातून दुसरं दिसत होतं, तेलवाल्याच्या अंगणात हप्पळ वाळत होते आणि लांब, शेवटच्या दारात, अक्का कोणाची तरी नक्कल करत होत्या. चाल माझीच होती. दोन पावलं टाकायची, थांबायचं, दार ठोकून बघायचं, मान हलवायची. बायका हसत होत्या. माझी बायको भिंतीला टेकून हसत होती, मध्ये खोकली, परत हसली.

मग तिने मला पाहिलं. ती एवढ्या लांबून चालत आली, भराभर, मध्ये कुठे न थांबता. खिडकीशी येऊन म्हणाली, "काय झालं? आता कशाला आलात?"

"काही नाही. कागद विसरला होता."

"मग जा. इथे बायका आहेत."

मी दुकानात परत गेलो. ताप होता, पण गिऱ्हाईक आलं होतं, आणि ते दारं बघत होतं.